आइदेच्या खुणा

मुलीने फ्रीज उघडला तेव्हा आत अर्धं लिंबू होतं आणि तिच्या आईच्या डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली. माझी बायको आइदे, तिला जाऊन तेव्हा अडीच महिने झाले होते.

"पप्पा, तू खातोस काय?" मारिएलाने विचारलं.

"बिस्किटं."

"आणि?"

"आणि माते पितो." त्या कडू पाल्याच्या चहावर माझा दिवस निघायचा.

ती नेउकेनहून तेरा तास बसमध्ये बसून आली होती. शेजारच्या ओफेलियाने तिला फोन केला होता. आठ दिवस माझी खिडकी उघडली नव्हती, आणि एकदा ओफेलियाला कुंपणापर्यंत गॅसचा वास आला होता. ते खोटं नव्हतं. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि मी समोरच खुर्चीत बसलो होतो. मुद्दाम काही केलं नव्हतं. उठायचं राहून गेलं, एवढंच. पण हे मुलीला कसं पटवून देणार?

मारिएलाने दोन दिवस घर घासून काढलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "माझ्याकडे चल. कपडे धुण्याच्या जागेशेजारी खोली आहे, ती रिकामी करते. हे घर भाड्याने देऊ."

"मी इथेच बरा आहे."

"तू बरा नाहीस. आरशात बघ जरा. पँट सुतळीने बांधलीयस."

"पट्टा सापडत नाही."

"पट्टा दारामागे लटकतोय, पप्पा! हा काय, माझ्या नाकासमोर!"

मला घरातच राहायचं होतं. का, ते मला तिला नीट सांगता आलं नाही. या घरात आइदे कुठे बसायची, कुठे उभी राहायची, मशीनवर शाळेचे पांढरे डगले शिवताना कुठल्या बाजूने उजेड घ्यायची, हे मला माहीत होतं. इथे ती नाही, हे कळायला निदान जागा होती. नेउकेनमध्ये ती कधी नव्हतीच. तिथे गेलो तर ती नुसती मेलेली असणार.

शेवटी आमच्यात ठरलं. आमच्या वस्तीतल्या सरकारी दवाखान्यात एक मानसशास्त्रज्ञ बाई बसतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आमच्या या हुनीनमधला अर्धा गाव कुणा ना कुणाकडे जाऊन आलेला आहे. आमचा खाटीक पंधरा वर्षं जातोय आणि मांस कापता कापता गिऱ्हाइकांना सगळं सांगतो. मी सहा आठवडे या बाईंकडे जायचं. सहा आठवड्यांनी मारिएला परत येणार. बाई म्हणाल्या की म्हातारा एकटा राहू शकतो, तर मी राहायचं. नाही म्हणाल्या, तर बॅग भरायची.

"आणि तिथे जाऊन थापा मारायच्या नाहीत," मारिएला बसमध्ये चढताना म्हणाली. तिला बाप माहीत होता.

बाईंचं नाव लुदमिला. वय सत्तावीस-अठ्ठावीस असेल. नखांवरचा हिरवा रंग अर्धा उडालेला, टेबलावर थर्मास, बाहेर बाकावर आठ माणसं ताटकळत बसलेली. मला वाटलं होतं ती लहानपणाबद्दल विचारेल. तिने विचारलं, "आन्सेल्मो, तुम्हाला आवडायचं काय काय?"

"बायको."

"आणखी?"

"लेथ. रेल्वेचं वर्कशॉप बंद पडेपर्यंत लेथवर होतो."

"आणखी?"

तिने ड्रॉवरमधून कागद काढले. पहिल्यावर यादी होती, छापील. गरम पाण्याने अंघोळ करणे. फुलांचा वास घेणे. जुने फोटो लावणे. प्राण्याला कुरवाळणे. समुद्रकिनारी चालणे.

"समुद्र इथून पाचशे किलोमीटर आहे," मी म्हणालो.

"तळं आहे की."

"तळ्यावर डास आहेत."

"मग डास नसतील ते निवडा," ती म्हणाली. तिला हसू आलं होतं, पण तिने ते आवरलं. मग तिने समजावून सांगितलं. आपण वाट बघत बसतो की मन बरं झालं की उठू. तसं होत नाही. आधी उठायचं, मन मागून येतं, उशिरा येतं, पण येतं. सगळं एकदम करायला गेलं की माणूस गुदमरतो, म्हणून रोज एकच लहान गोष्ट निवडायची, आवडती. दुसऱ्या कागदावर तीन रकाने होते. काय केलं. करण्याआधी मन कसं होतं, शून्य ते दहा. केल्यानंतर कसं होतं.

"शून्य म्हणजे?"

"शून्य म्हणजे अगदी वाईट."

"आणि दहा?"

"दहा तुम्हीच ठरवा."

मी दहा कधी होतो ते आठवायला लागलो आणि तिला म्हणालो, लगेच नाही सांगता येणार.

घरी येऊन मी तो कागद स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवला आणि तीन आठवडे थापा मारल्या. रोज एक ओळ. कुंडीला पाणी घातलं, आधी तीन, नंतर पाच. रेडिओ ऐकला, आधी दोन, नंतर चार. कुंडीतलं रोप आइदेबरोबरच वाळून गेलं होतं. रेडिओ लावला होता एकदा, पण त्यावर हवामान सांगत होते आणि आइदेला हवामान लागायचं, धुणं वाळत घालायचं की नाही त्यासाठी. मी तो बंद केला. मग कागदावर लिहिलं, चार.

काही गोष्टी मी खरंच करून पाहिल्या, असं नाही की अगदीच नाही. सकाळी माते केला. पण मातेचं भोपळ्याचं भांडं हातातून हातात फिरायला लागतं. मी भरायचो, मीच प्यायचो, परत भरायचो. दुसऱ्या भोपळ्यानंतर कंटाळा आला. अंडी फोडून टॉर्टिया केला तर तो दोन माणसांचा झाला, कारण मला त्याच मापाने येतो. आवडीचं असं जे जे आठवलं, त्याची दुसरी बाजू कुणीतरी धरलेली होती. ती सुटली की माझी बाजूही हातात राहत नव्हती.

चौथ्या भेटीत लुदमिलाने कागद समोर पसरले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाली, "आन्सेल्मो, तुमचं मन रोज बरोब्बर दोननेच वर जातं."

"हो का?"

"एकवीस दिवस. कधी एकने नाही, कधी खाली नाही. लेथवर कातलंय जणू."

माझे कान गरम झाले.

"मला आवडेल तो आकडा लिहू नका," ती म्हणाली. रागावली नव्हती. थकलेली वाटली. "तीन आठवडे गेले. तुमची मुलगी मला विचारेल तेव्हा मला तिला काहीतरी खरं सांगावं लागेल. या आठवड्यात एकच करा. माणसांमध्ये जा. कुठे जायचात तुम्ही दोघं?"

"क्लबात. गुरुवारी."

"काय करायचात?"

"त्रुको खेळायचो."

"कोण जिंकायचं?"

"आम्ही," मी म्हणालो. तिथे बसून बोललेलं ते माझं पहिलं खरं वाक्य असावं.

त्रुको जोडीने खेळतात. जोडीदार समोर बसतो. हातात तीन पत्ते, आणि आपल्याकडे काय आहे ते तोंडाने सांगायचं नाही, चेहऱ्याने सांगायचं, समोरच्या दोघांचं लक्ष नसताना. आमच्या पत्त्यांचे रंग म्हणजे तलवारी, सोटे असे. तलवारीचा एक्का सगळ्यांत मोठा, त्याला भुवया उचलायच्या. सोट्याच्या एक्क्याला डोळा मिचकावायचा. ह्या खुणा शाळेतल्या पोरांनाही येतात. म्हणून तर दुसऱ्याच्या खुणा पकडण्यात अर्धा खेळ असतो. आमच्या क्लबात स्वतःच्या खुणा लावायलाही मुभा होती. पकडल्या तर पकडल्या. बहुतेकांच्या महिन्याभरात पकडल्या जायच्या. आमच्या एकतीस वर्षांत नाही पकडल्या.

त्या आइदेच्या होत्या. तिने कधी बसून ठरवल्या नाहीत, शिवणकामातून आपोआप आल्या. अंगठ्याने करंगळीचं नख घासलं की तलवारीचा एक्का. सुई टोचली की ती तसं करायची. ओठांशी बोट नेऊन दोरा तोडल्यासारखं केलं की तलवारीची सत्ती. कॉलर सरळ केली की हातात काही नाही, पत्ते टाक. आणि एक खूण पत्त्यांची नव्हतीच. ती डाव्या मनगटाला हात लावायची, तिथे घड्याळ नसताना. त्याचा अर्थ, चल घरी जाऊ. तेवढं तर आमचं अगदी खासगी होतं.

गुरुवारी पाच वाजता मी क्लबात गेलो. दारातच ओरेस्ते भेटला. ओरेस्ते माझ्याबरोबर वर्कशॉपात होता, आता त्याचं पोट दारातून आधी आत जातं. मला तो वर्कशॉपापासून काडी म्हणतो.

"अरे काडी! मेलास म्हणून फुलांची वर्गणी काढणार होतो आम्ही!"

"किती जमली?"

"कुणी देईना. म्हणून जिवंत आहेस." त्याने मला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही. मग नाक पुसत म्हणाला, "चल, नेग्रेते वाट बघतोय. तुझ्याबरोबर बेबा बसेल. तिचा जोडीदार गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतोय."

बेबाचं खरं नाव काय ते बहुधा तिलाही आठवत नसेल. सत्तरीची, केस तांबडे रंगवलेले, सहा वर्षांपूर्वी नवरा गेलेला. आइदे तिचे फ्रॉक ढिले करून द्यायची. बेबाने माझ्या हातावर थोपटलं आणि म्हणाली, "मी वाईट खेळते. आधीच सांगून ठेवते."

"वाईट?" ओरेस्तेसमोर बसलेला त्याचा जोडीदार नेग्रेते म्हणाला. "बाई, तुमच्या तोंडावर पत्ते छापून येतात."

खेळ सुरू झाला. पहिले काही डाव मी नुसते पत्ते टाकत होतो. मग एका डावात तलवारीचा एक्का हातात आला. ओरेस्ते ओरडला, "त्रुको!" आणि टेबलावर मूठ आपटली. म्हणजे डाव वाढवायचं आव्हान. आता आम्ही ते घ्यायचं किंवा डाव सोडून पत्ते टाकायचे. जोडीतल्या एकाने तोंड उघडलं की ते दोघांचं उत्तर. आमच्यात उत्तर द्यायचं काम नेहमी आइदेचं, म्हणून मी गप्प राहिलो आणि अंगठ्याने करंगळीचं नख घासलं. समोर बघत घासलं. बेबा माझ्या हाताकडे बघत होती. मी आणखी जोरात घासलं.

"नको," बेबा म्हणाली आणि पत्ते टाकले.

मी एक्का उलटा करून दाखवला.

"अगं आई गं!" बेबा ओरडली. "मला वाटलं तुला खाज सुटलीय!"

"खाज!" ओरेस्ते खुर्चीतून घसरायला आला. "एक्का घेऊन बसलाय आणि बाई म्हणते खाज!"

"साबण बदल, काडी," नेग्रेते म्हणाला.

आणि मी हसलो. आवाज माझाच होता की काय, असं वाटलं. एखादं मिनिट असेल. तेवढ्या मिनिटात मला काही आठवलं नाही. कोण नाही, कुठे नाही, काही नाही. मग मी हसत हसत समोर बघितलं, कारण अशा वेळी आइदेकडे बघायची सवय, आणि समोर तांबडे केस होते.

तरी घरी येऊन मी कागदावर खरं लिहिलं. आधी दोन, नंतर पाच. पाच जरा जास्त होतं, पण चारपेक्षा जास्त होतंच.

लुदमिलाने ती ओळ वाचली आणि खुर्ची पुढे ओढली. "हे खरं आहे," ती म्हणाली.

"कशावरून?"

"बाकीच्या दिवशी तुम्ही एक आणि शून्य लिहिलंय. आता मला तुमच्याबद्दल काहीतरी कळलं." मग तिने सगळं विचारलं, करंगळीचं नख, खाज, सगळं. तिला मनापासून हसू आलं. "आन्सेल्मो, ह्या बाईंना थोडं आत येऊ द्या. पुढच्या गुरुवारपर्यंत. काय होईल?"

काय होईल, ते तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही.

बेबाच आधी बोलली. मंगळवारी बेकरीत भेटली आणि म्हणाली, "तुमच्या त्या खुणा मला शिकव. आम्ही एकतीस वर्षं डोकी आपटून घेतली. शिवाय मी गुरुवारी परत तुझा एक्का वाया घालवला तर ओरेस्ते मला चिडवून चिडवून जिवंत ठेवणार नाही."

मला नाही म्हणता आलं असतं. पण पाचाचा आकडा डोक्यात होता. आणखी दोन आठवडे होते, आणि त्यानंतर एकतर हे घर, नाहीतर ती धुण्याशेजारची खोली. मला वाटलं, एखादा सहा, एखादा सात आला की काम होईल.

दुपारची झोप झाल्यावर मी तिच्याकडे गेलो. तिने पुऱ्या तळून वर साखर भुरभुरली होती. आम्ही स्वयंपाकघरात समोरासमोर बसलो.

"ही सत्तीची," मी बोट ओठांशी नेऊन दाखवलं. "दोरा तोडतात तसं."

"माझे खोटे दात आहेत. मी दोरा कात्रीने तोडते."

"नुसतं दाखवायचं आहे."

"असं?"

"इतकं नाही. ती जेमतेम करायची."

"असं?"

"अजून कमी."

शिकवताना एक विचित्र गोष्ट झाली. ह्या खुणांचा अर्थ मी कधी शब्दांत सांगितला नव्हता. आइदेला सांगायची गरज नव्हती, तिनेही मला कधी सांगितला नव्हता. आता एकेक खूण उघडून तिचा अर्थ सांगायला लागलो तेव्हा वाटलं, अरे, एवढंच? नख म्हणजे एक्का. दोरा म्हणजे सत्ती. पाटीवर लिहून पोरांना शिकवता येईल इतकं साधं. एकतीस वर्षं आमच्यात जे होतं, ते बेबाच्या टेबलावर पाऊण तासात मांडून झालं. पुरी खाल्ली. चांगली होती. मनगटाची खूण तेवढी मी नाही सांगितली.

गुरुवारी आम्ही पहिला खेळ जिंकलो. तीस विरुद्ध अकरा. बेबाचे गाल लाल झाले. दुसऱ्या टेबलावरची माणसं उठून मागे येऊन उभी राहिली. कुणीतरी म्हणालं, "काडी परत आला रे!" आणि पाठीत थापा पडल्या. मला बरं वाटत होतं. ते नाकारत नाही. तेव्हा कागद समोर असता तर मी सहा लिहिलं असतं, आणि ते खरं असतं.

दुसऱ्या खेळात बेबाच्या हाती एक्का आला. तिने नख घासलं. पण बेबा जे करते ते पूर्ण ताकदीने करते. ती कढई घासल्यासारखं नख घासायला लागली, आणि माझ्याकडे डोळे मोठे करून बघत राहिली.

"थांबा, थांबा, थांबा!" ओरेस्तेने पत्ते छातीशी धरले. "गेल्या गुरुवारी काडीने हेच केलं होतं. नख! आणि हातात एक्का निघाला!"

"छे, काहीतरीच," बेबा म्हणाली आणि फिस्सकन हसली. झालं.

"नख म्हणजे एक्का!" ओरेस्ते उभा राहिला. खुर्ची पडली. "अरे नेग्रेते, नख म्हणजे एक्का! आइदे करायची! आठवतंय? ती कायम नख घासत बसायची, मला वाटायचं बाईला संधिवात आहे!"

"आणि बोट तोंडाशी न्यायची," नेग्रेते म्हणाला. "आज बेबाने पण नेलं. तेव्हा काय पडलं होतं? सत्ती! तलवारीची सत्ती!"

"आणि कॉलर! कॉलर ओढली की पत्ते टाकायचे!"

अर्ध्या तासात त्यांनी सगळं शोधून काढलं. कुणी काही चोरलं नव्हतं. मी बेबाला दिलं होतं आणि बेबाच्या हातून सांडलं. सगळ्या टेबलांवरची माणसं नख घासायला लागली. मागच्या बारवाल्याने ग्लास पुसायचे सोडून दोरा तोडून दाखवला. नेग्रेते डोळे पुसत होता, हसून की कशाने ते कळलं नाही. ओरेस्तेने ग्लास उचलला.

"एकतीस वर्षं ह्या बाईने आम्हाला येडं बनवलं," तो म्हणाला. "अशी बाई परत होणार नाही. आइदेच्या नावाने!"

"आइदेच्या नावाने!" सगळे म्हणाले. मनापासून म्हणाले. मीही ग्लास उचलला.

मग ओरेस्ते माझ्या कानाशी वाकला. "आणि ते मनगट," तो म्हणाला, "ते तर आम्हाला पहिल्या वर्षापासून माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"अरे, तिने मनगटाला हात लावला की तू पाच मिनिटांत उठायचास. आम्ही पैजा लावायचो. चार मिनिटं, की सहा." त्याने माझ्या गालावर चापट मारली. "गोड होतं रे ते. बायका तर घरी जाऊन नवऱ्यांना टोमणे मारायच्या, बघा, काडी कसा ऐकतो."

मी हसलो. चेहरा सांभाळायची मला सवय आहे.

बेबा कोपऱ्यापर्यंत माझ्याबरोबर चालत आली. उन्हं उतरली होती, पण उजेड होता. कोपऱ्यावर ती थांबली. मग म्हणाली, "माझ्या हातामुळे झालं. मला काही लपवता येत नाही. माझा नवराही म्हणायचा."

"खेळच आहे, बेबा."

"खेळ आहे, पण..." तिने मान हलवली. "मला माफ कर, आन्सेल्मो."

"माफी कसली? जिंकलो की आपण."

घरी येऊन मी मशीनसमोरच्या खुर्चीत बसलो. तिथे बसलं की आइदे दिसायची, रोज दिसायची, मान वाकडी करून शिवणारी. ते एवढंच मला या घरात राहायला पुरत होतं. मी वाट बघितली. ती मान वाकडी करते, सुई टोचते, अंगठ्याने नख घासते. आणि तिथे ओरेस्तेचं जाड बोट दिसलं. बारवाला दिसला दोरा तोडताना. मी डोळे उघडले, परत मिटले. बेबा कढई घासत होती. मग मनगटाची खूण आठवून बघितली, तर टेबलाखाली पैजा लावणारी माणसं दिसली. खरं तर त्यात वाईट काही नव्हतं, त्यांचं आमच्यावर प्रेमच होतं. पण आइदे त्या गर्दीत मागे कुठेतरी राहिली आणि मला पुढे येऊन दिसेना.

त्या दिवशीची ओळ भरायची होती. क्लब, त्रुको. आधी चार. नंतरच्या रकान्यात पेन टेकवून बसलो. खरा आकडा शून्यच होता. शून्याच्या खाली काही लिहिता आलं असतं तर तेही लिहिलं असतं. पण शून्य लिहिलं की लुदमिला विचारणार, आणि मारिएला येणार, आणि बॅग. मी सात लिहिलं.

सहाव्या आठवड्यात मारिएला आली. आम्ही तिघं दवाखान्यातल्या त्या खोलीत बसलो. लुदमिलाने कागद दाखवले. गुरुवारचे सात, मधल्या दिवसांचे तीन आणि चार. या वेळी मी ते नीट खालीवर केले होते, लेथवर कातल्यासारखे दिसू नयेत म्हणून. मारिएलाने ते दोनदा वाचले. तिचे डोळे भरून आले.

"पप्पा, तू खरंच क्लबात जातोस?"

"विचार ओरेस्तेला."

"विचारलं. तो म्हणाला तू सगळ्या गावाला खुणा शिकवल्यास."

लुदमिला माझ्याकडे बघत होती. जरा जास्तच वेळ बघत होती. "आन्सेल्मो," ती म्हणाली, "हे सात. खरं आहे ना?"

तिला कळलं असेल, किंवा नसेलही. बाहेर बाकावर माणसं होती, एक बाई रडणाऱ्या मुलाला घेऊन उभी होती. मी भुवया उचलल्या नाहीत, डोळा मिचकावला नाही, काही केलं नाही.

"खरं आहे," मी म्हणालो.

तिने मारिएलाला सांगितलं की ते एकटे राहू शकतील, पण हे चालू ठेवायला हवं. गुरुवार चुकवायचा नाही. चुकला तर ते पहिलं लक्षण समजायचं. मारिएलाने लगेच ओरेस्तेला फोन लावला, माझ्यासमोरच. "काका, पप्पा एखाद्या गुरुवारी आला नाही तर मला कळवाल ना? लगेच, त्याच दिवशी?" ओरेस्ते काय म्हणाला ते सगळ्या खोलीला ऐकू गेलं, तो फोनवर ओरडूनच बोलतो. म्हणाला, मी स्वतः गाडी घेऊन जाईन आणि उचलून आणीन.

तिने दोन दिवस राहून माझ्यासाठी मिलानेसा, म्हणजे पावाचा चुरा लावलेले मांसाचे काप, तळून फ्रीजमध्ये रचून ठेवले. तिला बसवर सोडलं तेव्हा ती माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "आईला बरं वाटलं असतं." मी हो म्हणालो. घर मला मिळालं होतं.

पुढच्या गुरुवारी पाचला दहा मिनिटं कमी असताना मी मशीनसमोर बसलो होतो. मशीन होतं, खुर्ची होती, खिडकीतून डाव्या बाजूने उजेड येत होता. ते सगळं जागच्या जागी होतं आणि त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. नेउकेनमधली खोली याहून वेगळी असेल असं मला आता वाटेना. पण तिथेही एखादा क्लब असणार, एखादी यादी असणार, आणि मारिएला रोज संध्याकाळी विचारणार, किती, पप्पा? इथे निदान आठवड्यातून एकदाच विचारतात.

बाहेर ओरेस्तेने हॉर्न वाजवला. थांबून परत वाजवला. मी उठलो नाही तर तो आत येणार, मग फोन करणार, मग ती तेरा तास बसमध्ये बसणार. मी पट्टा बांधला, शेगडी बंद आहे ना ते बघितलं, कोट घातला आणि बाहेर गेलो.

"काय रे, तयार! आता तुला घरात बसवत नाही ना?" ओरेस्तेने माझ्यासाठी गाडीचं दार आतून उघडलं. "आज बेबा नेग्रेतेबरोबर बसतेय. तुझ्याबरोबर बारवाला. त्याला त्या खुणा सगळ्या पाठ आहेत, माझ्यासमोर करून दाखवल्या त्याने. जिंकणार तुम्ही."

"जिंकू," मी म्हणालो.

"खूश दिसतोस, काडी."

"हो," मी म्हणालो, आणि काच वर केली.